भोंगूकाका बाहेर येत नाही

८ जानेवारी

वहिनी,

तुमचं पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, नुसती किल्ली होती, तरी पोचल्याचं कळवावं म्हणून लिहिते. किल्ली वरच्या कपाटाचीच आहे. लागली.

दादाचे कपडे पेट्यांत भरले. तुम्ही म्हणाला होतात की सगळं देऊन टाका, काही मागे ठेवू नका. शर्ट आणि स्वेटर दिले. कोट कोणाला बसेल असं वाटत नाही, त्याचे खांदे तुम्हाला माहीत आहेत. तपकिरी बूट मात्र सापडले नाहीत. सापडले की देईन.

नानांची तब्येत ठीक आहे. आमचे शाळांमधले बासरीचे कार्यक्रम चालू आहेत. मी गाडीबरोबर जाते, सामान उचलायला कोणीतरी लागतंच. लॅबमधून रजा वाढवून घेतली आहे. पाण्याच्या बाटल्या तपासायला माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही.

ठकीचा दात पडला का? इथून निघाली तेव्हा तो एका धाग्यावर लोंबत होता आणि ती कोणाला हात लावू देत नव्हती. तिला म्हणावं, आत्याने विचारलं आहे.

तुम्ही मला चेष्टेने ‘वन्सं’ म्हणायचात. आता घरात कोणी काहीच म्हणत नाही. लिहिण्यासारखं फारसं नाही. उत्तराची घाई नाही.


२ फेब्रुवारी

वहिनी,

सामान उचलायला जाते असं मी मागे लिहिलं. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. दादाची मोठी बासरी, मुलांचा भोंगूकाका, आता मी वाजवते आहे.

दादा दौऱ्यावर झोपेतच गेला त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. तुम्ही हे घर सोडलंत त्याच्या दोनच दिवस आधी नानांनी तुमच्यापुढे कार्यक्रमाचा पडदा आणून टाकला होता. म्हणाले, “कड उसवली आहे, तेवढी घालून दे. सोमवारी शाळा आहे.” तुम्ही विचारलंत, “वाजवणार कोण?” नाना म्हणाले, “कोण म्हणजे? भोंगूकाका.” तुम्ही सुईत दोरा ओवलात, कड घातलीत, दोरा दातांनी तोडलात आणि पेट्या काढायला आत गेलात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंडाला कुलूप लावून.

मला नानांनी सांगितलं होतं, “एकदाच गं. शाळेला शब्द दिला आहे, मुलं वाट बघतायत. कार्यक्रम संपला की मी सांगीन त्यांना.” कार्यक्रम संपला. त्यांनी सांगितलं नाही.

तुम्ही आमचा कार्यक्रम कितीदा तरी पाहिला आहे, पण पुढून. मी आता तो मागून ऐकते. नाना आधी नेहमीची छोटी बासरी वाजवतात. मग मुलांना विचारतात, “ही कोण? ही धाकटी. हिच्या तोंडाला दम नाही, दिवसभर चिवचिव. पण हिला एक थोरला भाऊ आहे बरं का. जाड आवाजाचा. लाजतो, म्हणून पडद्यामागे राहतो. मिटा डोळे. जो डोळे उघडेल त्याला काका ऐकू येणार नाही.”

मग मी मोठीचा सगळ्यांत खालचा सूर धरते. तो जोराचा नसतो, खोल असतो. गोंगाट असेल तर ऐकूच येत नाही, म्हणून मुलांना गप्प बसावंच लागतं. कार्यक्रमाची सगळी खुबी त्यातच आहे असं दादा म्हणायचा. खोली शांत होते आणि मग अंदाज सुरू होतात. “जहाज!” “फ्रीज!” “आमचे आजोबा, जेवल्यावर!” परवा एक मुलगी म्हणाली, “माझं पोट.” नाना म्हणाले, “ये पुढे, पोटालाच विचारू, खरं बोलतं का.” सगळे हसले. मीही मागे तोंडावर हात धरून हसले.

त्यानंतर मुलं काकाला प्रश्न विचारतात. हो असेल तर एक सूर, नाही असेल तर दोन. तुला भूक लागली का, तू टकला आहेस का, तुला बाईंची भीती वाटते का. दादा होता तेव्हा यानंतर तो पडदा सारून बाहेर यायचा. एवढी लांब, डोक्याशी मान मोडून वळवलेली बासरी मुलांनी कधी पाहिलेली नसायची, एकच ओरडा व्हायचा. “बेसिनखालचा पाइप!” मग तो खाली मांडी घालून बसायचा आणि प्रत्येकाला एकेकदा फुंकू द्यायचा. शेंबड्या नाकाच्या पोरांनासुद्धा.

आता पडदा सरत नाही. नाना म्हणतात, “आज काका फारच लाजला.” मी मोठी फटीतून बाहेर सरकवते, नाना ती मुलांना दाखवतात, फुंकू देतात, आणि परत आत देतात. मुलांना माझा हात मनगटापर्यंत दिसतो.

तुम्ही विचाराल, मग बंद का करत नाही. घरी नाना बोलत नाहीत. जेवायला बसले की ताटाकडे असं बघतात, जणू ते चुकून दुसऱ्याचं त्यांच्यापुढे आलं आहे. पण शाळेच्या फाटकातून गाडी आत शिरली की त्यांची पाठ ताठ होते. मुलांशी बोलतात, हसवतात, घसा बसेपर्यंत. परत येताना डिझेलच्या टाकीइतकेच ते रिकामे झालेले असतात. मी ते बंद करायचं आणि घरी आणून कुठे ठेवायचं त्यांना?


१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही. मी म्हटलंच होतं की घाई नाही.

बूट सापडले नाहीत असं मी लिहिलं होतं. बूट माझ्या पायात असतात.

पडदा जमिनीपर्यंत पोचत नाही, तुमच्याजवळ कापडच तेवढं होतं. एका शाळेत पुढच्या रांगेतला मुलगा ओरडला, “काकाने बाईची चप्पल घातली!” सगळा वर्ग खिदळायला लागला. नानांनी वेळ मारून नेली, “अरे, घाईत बायकोची घालून आला तो. आता ती बिचारी त्याचे बूट घालून बाजारात फिरत असेल.” पुढच्या शाळेत मी पडद्यामागे गेले तर स्टुलाखाली दादाचे तपकिरी बूट ठेवलेले. पॉलिश करून. नानांनी ठेवले होते. मी ते घातले. पुढच्या टोकाला कापूस कोंबला की बसतात. चालायला जमत नाही, पण मला कुठे चालायचं असतं?

एका शाळेतल्या मोठ्या बाईंना सगळं माहीत आहे. दादा गेल्याचं कळल्यावर त्या घरी येऊन गेल्या होत्या. परवा कार्यक्रम झाल्यावर त्या पडद्यामागे आल्या. बुटांकडे बघितलं. माझा खांदा दाबला, त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता या म्हणतील, पुरे करा. माझा जीव भांड्यात पडायला आला होता. त्या म्हणाल्या, “किती करता हो तुम्ही वडिलांसाठी!” आणि पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच ठरवून टाकू का म्हणून विचारलं. मी मान डोलावली.

लॅबमधून साहेबांचा फोन होता. म्हणाले, “अहो, रजा म्हणतात ती ही नव्हे. तुम्ही तर आम्हाला सोडचिठ्ठीच दिलीत.” मार्च संपेपर्यंत आले नाही तर दुसऱ्या कोणाला घेणार आहेत. विचार करून सांगते म्हटलं. नाना शेजारीच बसले होते. कोणाचा फोन, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

आणखी एक लिहायचं आहे. सगळं नानांवर ढकलणं बरं नाही. पडद्यामागे मला बरं वाटतं. तिथे उकडतं, कापडाला धुळीचा वास येतो, मोठी हातात जड लागते आणि एका श्वासात तिच्यावर अर्धी ओळसुद्धा निघत नाही. दादाला तो श्वास पुरायचा. तरी मुलं “काका” म्हणून हाक मारतात आणि मी एक सूर वाजवते, तेव्हा पुढे बसलेल्या सगळ्यांच्या लेखी दादा आहे. नानांच्या लेखी आहे. माझ्याही लेखी असतो, सूर संपेपर्यंत. मग गाडीत येऊन बसायचं आणि बुटांच्या नाड्या सोडायच्या.

माझं मलाच कळत नाही की मला तिथे कोंडलं आहे की मी कडी आतून घातली आहे.


६ मार्च

वहिनी,

हे पत्र बाजूला ठेवू नका. आजच वाचा.

नानांनी ठकीच्या शाळेत कार्यक्रम ठरवला आहे. एकवीस तारखेला सकाळी. मला काल गाडीत कळलं.

ते म्हणाले, “टायर बघून घे एकदा. पुढे लांबचा पल्ला आहे.”

“कुठला?”

त्यांनी तुमच्या गावाचं नाव घेतलं.

“नाना, तिथे ठकी आहे.”

“म्हणूनच.”

“म्हणूनच म्हणजे? तिला काय सांगणार तुम्ही?”

“बाकीच्या पोरांना सांगतो तेच. तिला वेगळं काय सांगायचंय? बापाचा आवाज कानावर पडेल पोरीच्या.”

“तो आवाज मी काढते.”

“आवाज बासरीचा असतो. वाजवणाऱ्याचा कधी असतो का?”

“मग पडदा कशाला लावता?”

ते समोर रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं. मग म्हणाले, “समोरची काच पूस गं जरा. काही दिसत नाहीये.”

काच स्वच्छ होती. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि ती पुसली.

तुम्ही त्या दिवशी ठकीला शाळेत पाठवू नका. ताप आहे म्हणून कळवा. किंवा त्याहून बरं म्हणजे शाळेलाच फोन करा, दादा हयात नाही हे सांगा, त्यांना हा कार्यक्रम रद्द करू द्या. तुम्ही आईच आहात तिची, तुमचं कोणीही ऐकेल. नाना तुमच्यावर चिडतील, पण तुम्ही लांब आहात. मी त्यांच्यासमोर तोंड उघडते आणि काच पुसायला खाली उतरते.

ती सात वर्षांची आहे. ती एखादा प्रश्न पडद्याला विचारेल आणि मला एक सूर किंवा दोन सूर वाजवावे लागतील. मला हे करायला लावू नका.


१५ मार्च

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. “ठकी जाईल. तिला सगळं माहीत आहे, मी काही लपवलं नाही. शाळेला मी फोन करणार नाही. हेही माझ्याकडूनच करून घेऊ नका.”

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी राग आला. मग कळलं की तुम्ही पडद्याची ती कड विसरला नाहीत. तुमच्यापुढे कापड टाकलं तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते, आणि आताही मी दारातच उभी राहून तुम्हाला हाक मारते आहे.

त्या दिवशी मी वाजवणार नाही. बूट घालणार नाही. असं ठरवलं आहे.

नानांना अजून सांगितलं नाही. काल सांगायला गेले. ते चष्म्याचा स्क्रू बसवत होते, डोळा बारीक करून. म्हणाले, “काय गं?” मी म्हटलं, “काही नाही. उजेडात बसा.”


२२ मार्च

वहिनी,

ठकीने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी पाहिलं तेवढं लिहिते. काही तुम्हाला आवडणार नाही.

कार्यक्रम तळमजल्यावरच्या खोलीत होता, जिथे व्यायामाच्या गाद्या रचून ठेवतात. मी स्वतःच्या चपला घालून स्टुलावर बसले. नानांनी पडदा सारखा केला, वाकून खाली बघितलं आणि गाडीकडे गेले. परत आले ते बूट घेऊन. मला वाटलं, आता बोलतील, आता मीही बोलेन. त्यांनी ते बूट पडद्याच्या आतल्या बाजूला, अगदी कडेशी, टाचा जुळवून मांडले. टोकं मुलांकडे. मग मला म्हणाले, “पाय वर घे.”

मी पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले. वहिनी, मी घेतले. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते.

मुलं आली. ठकी दुसऱ्या रांगेत होती, फटीतून दिसली. केस कापले आहेत तिचे, पुढचा दात अर्धा आला आहे. तिने नानांना हात केला. नानांनीही केला आणि लगेच धाकटीची गोष्ट सुरू केली, नेहमीपेक्षा भरभर. मिटा डोळे म्हणाले. मोठी माझ्या मांडीवर होती. मी ती उचलली नाही.

“काका?” नाना म्हणाले. थोडं थांबले. “अरेच्चा. काका झोपला वाटतं.” मुलं हसली. “उठवायचं का त्याला? पण मोठ्याने हं, कानात मळ आहे त्याच्या. एक, दोन...”

आणि सगळी मुलं ओरडायला लागली. “उठ! उठ! उठ!” फरशीवर हात आपटत. नानाही त्यांच्याबरोबर.

तुम्हाला एक गोष्ट कोणी सांगितलेली नाही. दादा गेला त्या सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी मी जिन्यात होते आणि नाना खोलीत दादाला उठवत होते. आधी चेष्टेने. मग वैतागून, “उठ रे, गाडी निघायची आहे, मुलं खोळंबतील.” मी दार ढकलून आत गेले आणि पाहिलं, तरी ते तेच म्हणत होते. मी त्यांचा हात धरला तरी म्हणत होते. काल पडद्यापलीकडून तोच आवाज आला. मुलांनाही काहीतरी उमगलं असावं, कारण एकेक जण गप्प होत गेला. शेवटी खोलीत एकटे नानाच ओरडत होते. आणि “काका” नव्हे. दादाला घरात हाक मारायचे त्या नावाने.

मी मोठी ओठाला लावली. वाजवणारच होते. नानांना थांबवायचा दुसरा रस्ता मला माहीत नव्हता. छातीत श्वास भरून घेतला होता, तेवढ्यात पडद्याची कड हलली आणि ठकी आत आली.

तिने आधी बूट बघितले. मग वर, दांडीवरचे माझे पाय.

“आत्या, तू अशी का बसलीस?”

मी म्हटलं, “खाली जागा नाहीये गं.”

“आहे की,” ती म्हणाली. खाली वाकून तिने बूट उचलले. हातात मावेनात म्हणून छातीशी धरले आणि बाहेर घेऊन गेली.

बाहेर ती रडत नव्हती. हजेरी घेताना बाई बोलतात तसं बोलत होती. “आजोबा, ओरडू नका ना. बाबा मेलेत. आत आत्या आहे.” मग मुलांना म्हणाली, “माझे बाबा मेले. हे त्यांचे बूट आहेत.”

“खरंच?” कोणीतरी विचारलं.

“हो. आईला विचार हवं तर.”

“मग आवाज कोण काढतं?”

“आत्या. आज तिने नाही काढला.”

मग पुढच्या रांगेतल्या एका लहानशा मुलाने नानांना विचारलं, अगदी काळजीने, “आजोबा, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?”

त्यांच्या बाईंनी “शूः” केलं. नाना म्हणाले, “सांगितलं होतं, बाळा.”

“मग?”

नाना मागे सरले, मुलांच्या बसक्या खुर्चीवर बसले. गुडघे छातीशी आले.

मी पाय खाली ठेवले. मुंग्या आल्या होत्या. पडदा एका हाताने सारला आणि बाहेर आले. मला वाटत होतं सगळे माझ्याकडे बघतील. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. सगळे बासरीकडे बघत होते. “ही वाकली कशाने?” “पडली का?” “हिला किती भोकं?” ठकी गादीवर बसली होती, बूट मांडीवर घेऊन. म्हणाली, “वाजव आता.”

मी वाजवायला गेले तर नुसती हवा. फू फू. पुन्हा तेच. पडद्यामागे हा सूर मला कधी दगा देत नव्हता. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, एकीने धीर द्यावा तसं सांगितलं, “पहिल्यांदा नाहीच येत.”

तेवढ्यात खुर्चीवरून नाना म्हणाले, “ओठ सैल सोड.” वर न बघता. मी दहा-अकरा वर्षांची असताना म्हणायचे तसंच, जरा चिडून. “किती आवळतेस. सैल.”

मी सोडले. सूर आला.

मुलांनी हात लावला, फुंकून बघितलं. ठकीने फुंकलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “घरी फुंकलीये मी. बाबा देत होते.” निघताना तिने बूट मला दिले नाहीत, तुमच्याकडे नेले असतील. मी मागितले नाहीत. कापूस काढून टाका.


९ एप्रिल

वहिनी,

बूट तुमच्याकडे आहेत हे कळवलंत, बरं झालं. ठकी ते पलंगाखाली ठेवते आणि तुम्ही ठेवू देता, हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले.

तिथून परत आल्यावर नानांनी अंथरूण धरलं. त्यानंतरच्या शाळा मी फोन करून पुढे ढकलल्या. नाना भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. चहा ठेवला की गार होईपर्यंत तसाच. तुम्हाला खरं सांगते, त्या दिवसांत मला वाटायचं की काय बिघडलं होतं पडद्याने? कोणाचं काय जात होतं? ठकीला सोडून बाकी सगळ्या शाळांत आणखी वर्ष-दोन वर्षं मी खुशाल बसले असते. एकदा मी पडदा घडी घालून त्यांच्या उशाशी नेऊनही ठेवला. त्यांनी तो पायाने खाली लोटला.

लॅबला मी फोन केला नाही. मार्च संपला. त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं. साहेबांनी निरोप ठेवला की माझा पांढरा कोट आणि डबा घेऊन जा. म्हणजे आता मला घर आणि गाडी, एवढंच उरलं. ते काही कोणी माझ्यावर लादलं नाही, पण लादल्यासारखंच वाटतं.

काल एक शाळा होती. ती मी ढकलायची विसरले होते, किंवा ढकलली नव्हती, कसंही म्हणा. सकाळी बघते तर नाना दाढी करून गाडीत बसलेले. मी मोठी घेतली आणि निघाले. रस्ताभर त्यांनी फक्त एकदा तोंड उघडलं, “दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ ठेवणार आहेस?”

वर्ग मोठा होता, पहिली आणि दुसरी एकत्र. मी भिंतीपासून थोडी पुढे, मोठी हातात घेऊन, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिले. नानांनी छोटी वाजवली. ही धाकटी, दिवसभर चिवचिव, सगळं म्हणाले. मुलं हसली. “पण हिला एक थोरला,” म्हणाले, आणि तिथेच थांबले.

पुढचा शब्द येईना. त्यांचे ओठ हलत होते. मला ते सगळं पाठ आहे, मी सांगू शकले असते, पण माझ्याही तोंडातून शब्द फुटेना. मुलं वाट बघत होती. मागे कोणाची तरी पाण्याची बाटली पडली.

मग समोरच्या एका मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. “आजोबा, ही कोण?”

नानांनी माझ्याकडे बघितलं. कार्यक्रमात माझी ओळख करून द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नव्हती. आजवर “ती सामान बघते” म्हणायचे, आणि दादा गेल्यापासून तेही नाही. त्यांनी माझं नाव सांगितलं. घरातलं नव्हे, पूर्ण, आडनावासकट, पाटीवर लिहितात तसं. नंतर “माझी मुलगी,” म्हणाले. “ही वाजवते.”

त्यापुढे त्यांना काही जमलं नाही. हातातली बासरी खुर्चीवर ठेवून ते बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. खिडकीतून मला त्यांचं डोकं दिसत होतं, स्टिअरिंगवर टेकलेलं.

त्यांच्या मागे धावावंसं वाटलं. पण मधे सगळी पहिली-दुसरी मांडी घालून बसली होती, दारापर्यंत. मला विनोद येत नाहीत. प्रश्नोत्तरं मला नको होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की आवाज बारीक आहे, गप्प बसलात तर येईल, आणि सगळ्यांत खालचा सूर धरला. मागच्यांना ऐकू गेला नसावा. ती पुढे सरकली. पुढची त्याहून पुढे सरकली, बुडावर घसटत, एकमेकांच्या पायांवरून. त्यांनी माझ्या चपलांना हात लावला, मोठीच्या टोकाशी कान आणले. मी वाजवत मागे होत गेले. पाठ भिंतीला टेकली, श्वास संपत आला, आणि तरी मुलं येतच होती.